घाबरलेल्या नव्या पोपटाचा विश्वास कसा मिळवायचा, आधी त्याचं 'नको' ऐका

नवीन पोपट घरी येतो, पिंजरा जागेवर ठेवतात, सगळं घर भोवती गोळा होतं, आणि तो मात्र सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाळीला चिकटून, अंग आकसून, मान उंच करून बसलेला. कोणी जरा पुढं गेलं की फडफड, किंचाळणं, जाळीवर आपटणं. मग कोणीतरी म्हणतं की हात लावल्याशिवाय त्याला सवय कशी होणार, आणि पिंजऱ्याचं दार उघडून हात आत जातो. बऱ्याच जणांचं इथंच बिघडतं, पहिल्या अर्ध्या तासात, आणि मग ते निस्तरायला महिने जातात. माझंही असंच झालं होतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, तो तुमच्यावर चिडलेला नाहीये आणि हट्टीपणा तर अजिबातच करत नाहीये. त्याला खरंच वाटतंय की आता हे मला खाणार. कुत्रा-मांजर हे शिकार करणारे प्राणी आणि माणसाबरोबर हजारो वर्षं राहिलेले, पोपट हा शिकार होणारा पक्षी, आणि पिंजऱ्यात जन्मलेला असला तरी रानातल्या पूर्वजांपासून तो फार पिढ्या लांब आलेला नसतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, ते कशासाठी तर कोण झडप घालायला येतंय ते कळावं म्हणून. आणि आपण काय करतो, पिंजऱ्यावर वाकतो, दोन्ही डोळे त्याच्यावर रोखतो आणि बोटं पसरून हात वरून आत घालतो. त्याच्या जागी बसून बघा एकदा, ससाणा पण असाच येतो.

तो कुठून आलाय हे जमलं तर विचारून घ्या कारण त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. माणसाच्या हातून भरवून वाढवलेलं पिल्लू असेल तर ते नव्या जागेला बुजलेलं असतं, माणसाला तेवढं नाही, ते लवकर रुळतं. आईबापांनीच वाढवलेला, किंवा दुकानात पन्नास पक्ष्यांच्या गर्दीत रोज जाळीनं पकडला जाणारा असेल तर त्याला हाताचीच धास्ती असते. एखाद्या घरातून दुसऱ्या घरात आलेला मोठा पोपट असेल तर त्याला काय काय अनुभव आलेत देव जाणे, कोणाला टोपीची भीती असते, कोणाला झाडूची, कोणाला फक्त पुरुषांच्या आवाजाची. पायात पूर्ण बंद, जोड नसलेली रिंग असेल तर तो पक्षी बहुधा माणसाकडेच जन्मलेला असतो, कारण ती रिंग पिल्लू अगदी लहान असतानाच पायात सरकवता येते, मोठ्या पंजातून जात नाही. रानातून पकडलेला पक्षी असेल तर सगळं कित्येक पटीनं अवघड, आणि खरं सांगायचं तर असे पक्षी कोणी घेऊच नयेत.

आता पिंजरा. जागा चुकली तर बाकी काहीही करा, पक्षी निवांत होत नाही. एक बाजू तरी भिंतीला लागून हवी, म्हणजे मागून कोणी येत नाही एवढा भरवसा त्याला राहतो. कोपरा असेल तर अजून छान. सगळ्यात वरची दांडी साधारण आपल्या छातीपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर यावी, पिंजरा जमिनीवर ठेवला की प्रत्येक माणूस वरूनच येतो. पूर्ण खिडकीसमोर नको, बाहेर घार किंवा मांजर दिसली तर तो पळणार कुठं. पिंजऱ्याचा एक भाग कापडानं झाकून ठेवा, हवं वाटलं की लपायला जागा पाहिजे, आणि गंमत म्हणजे लपायला जागा असली की पक्षी कमी लपतो. स्वयंपाकघरात अजिबात नको. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या कोटिंगमधून जो वायू निघतो तो पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो, आणि आपल्याला त्याचा धड वाससुद्धा येत नाही. सिगरेट, स्प्रे, सेंटच्या मेणबत्त्या, हे पण त्याच्या खोलीत नको. पक्ष्यांची श्वासाची रचनाच अशी असते की हवेतलं काहीही आपल्यापेक्षा जास्त आत शोषलं जातं.

झोप १० ते १२ तास, अंधारात आणि शांततेत. टीव्हीच्या खोलीत रात्री बारापर्यंत जागवलेला पक्षी सकाळी चिडका आणि घाबरटच असणार. पण कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, असेल तर मिट्ट काळोख नको, त्यांना रात्री अचानक दचकून पिंजराभर आपटायची खोड असते, त्यात पंख तुटतात, रक्त येतं, त्यासाठी एक मिणमिणता दिवा लावून ठेवायचा.

खाणं पहिल्या एक-दोन आठवड्यात बदलू नका. आधीच्या मालकाकडे किंवा दुकानात जे खात होता तेच द्या, ते कितीही निकृष्ट असलं तरी. पेलेट (पक्ष्यांसाठीचं तयार गोळ्यांचं खाणं), भाज्या वगैरे सुधारणा नंतर करता येतात, आता नवी जागा, नवी माणसं, त्यात वाटीत पण अनोळखी वस्तू म्हटल्यावर काही पक्षी खाणंच सोडतात. लहान पक्ष्याच्या अंगात साठा फार नसतो, बजी, म्हणजे बजरीगर हा चिमुकला पोपट, जेमतेम ३०-४० ग्रॅमचा. दिवसभरात काहीच खाल्लं नाही असं वाटलं तर थांबू नका, पक्ष्यांच्या डॉक्टरला फोन करा. आणि वाटी नुसती भरलेली दिसते म्हणून फसू नका, वरती टरफलंच उरलेली असतात कधी कधी, फुंकर मारून बघा. शिट दिसतेय का ते पण बघा, खातोय की नाही त्याचा तोच खरा पुरावा. जमलं तर ग्रॅममध्ये दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या आणि त्यावर दांडी बसवून पुढं कधीतरी त्याला त्यावर बसायला शिकवा. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर ती धोक्याची खूण असते. हे एवढं लिहितेय कारण पोपट आजार लपवतो, रानात आजारी दिसणारा पक्षी आधी मारला जातो ना. दिवसभर पिसं फुलवून तळाशी बसलेला, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होतेय, डोळे अर्धे मिटलेले, हा घाबरलेला पोपट नाही, हा आजारी पोपट आहे. बरेच लोक ह्यालाच 'शांत झाला, माणसाळला' म्हणतात. नवीन पक्ष्याची एक तपासणी पहिल्या काही दिवसांत करून घ्याच, पोपटांकडून माणसाला होणारे पण एक-दोन आजार आहेत, पिंजरा साफ केल्यावर हात धुवायची सवय घरात सगळ्यांनाच लावा.

बरं, आता मुख्य काम. पहिले तीन-चार दिवस काहीच करायचं नाही. म्हणजे दाणापाणी, साफसफाई, तेही ठरलेल्या वेळी, सावकाश, आणि आत हात घालायच्या आधी दर वेळी एकच वाक्य बोलून. मी "दाणे ठेवते हं" म्हणायचे. दोन दिवसांत त्याला कळायला लागतं की हे वाक्य आलं की हात येतो, वाटी ठेवतो आणि जातो, मला काही करत नाही. पुढं काय होणार हे कळलं की निम्मी भीती जाते, आपलं पण तसंच असतं की.

बाकी वेळ त्याच्या खोलीत नुसतं राहायचं. खुर्ची लांब ठेवा, त्याच्याकडे तिरके बसा, तोंड त्याच्याकडे नको. पुस्तक वाचा, मोठ्यानं पण हळू आवाजात. फोनवर गप्पा मारा. काहीतरी खा त्याच्यासमोर. पोपट थव्यात राहणारे, थवा निवांत खातोय म्हणजे धोका नाही असं त्यांचं साधं गणित असतं. आणि एक शीळ ठरवा, दोन-तीन सुरांची, खोलीत येताना आणि बाहेर जाताना तीच. थव्यातले पक्षी नजरेआड झाले की एकमेकांना हाका मारत असतात, 'आहेस का, आहे'. कधीतरी तुम्ही बाहेर असताना आतून त्याची हाक येईल, तेव्हा हातातलं काम सोडून लगेच शीळ घाला. ही हाक म्हणजे त्याच्या हिशोबात तुम्ही आता थव्यात आलात, माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं त्या दिवशी.

ह्याच दिवसांत त्याचं अंग वाचायला शिका, हा भाग घाईघाईत वाचू नका कारण बाकी सगळं ह्यावरच उभं आहे. घाबरलेला पोपट बारीक होतो. पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, मान लांब, डोळे गोल, पंजे दांडीवर आवळलेले, आणि एकदम स्तब्ध. नवीन माणसाला वाटतं किती शहाण्यासारखा बसलाय. त्यापुढची पायरी म्हणजे वजन एका पायावरून दुसऱ्यावर, शरीर तुमच्या उलट दिशेला झुकलेलं, उडायच्या तयारीत पंख जरासे सुटलेले. मग चोच उघडी ठेवून फिस्स आवाज, मग झेप घेऊन चोच मारायचा आव, आणि ह्यातलं काहीच कोणी ऐकलं नाही तर मग चावणं. मोठ्या पोपटांत डोळ्यांच्या बाहुल्या झरझर लहानमोठ्या होताना दिसतात, ती खूण फक्त उत्तेजित झाल्याची, आनंदानं की रागानं ते बाकी अंगावरून ठरवायचं, पण नव्या पक्ष्यात ते दिसलं तर हात लांबच बरा. कॉकाटीलचा तुरा म्हणजे तर उघडं पुस्तक, ताठ उभा म्हणजे दचकलाय, डोक्याला चपटा चिकटवून फिस्स करतोय म्हणजे मागं व्हा, आणि सैलसर मागं झुकलेला म्हणजे ठीक चाललंय.

आणि निवांत पोपट कसा दिसतो? पिसं सैल, एक पाय पोटात घेतलेला, पिसं विंचरत बसणं, सगळं अंग एकदा जोरात झटकून टाकणं, एका बाजूचा पंख आणि पाय लांब ताणून आळस देणं. झोपायच्या आधी चोच चोचीवर घासून कुरकुर आवाज करतात तो ऐकला असेल तर तो समाधानाचा आवाज, दात खाण्याशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्यासमोर पिसं विंचरायला लागला की समजा बरंच अंतर कापलंत, कारण विंचरताना पक्षी बेसावध असतो आणि शत्रूसमोर कोणी बेसावध होत नाही.

आता ही जी बारीक व्हायची खूण आहे ना, ती तुम्हाला एक रेघ दाखवते. दारापासून पिंजऱ्याकडे हळूहळू चालत या आणि त्याच्याकडे लक्ष ठेवा, एका ठरावीक अंतरावर त्याची पिसं आवळली जातील किंवा खाणं थांबेल. ती त्याची रेघ. कोणाची पिंजऱ्यापासून एक हातावर, कोणाची खोलीच्या दाराशीच. तिथं पोचलात की थांबायचं, एक पाऊल मागं यायचं आणि तिथं निवांत उभं राहायचं, तो सैल झाला की आपण पाठ फिरवून निघून जायचं. थोड्या वेळानं परत. लोकांना वाटतं मागं गेलो तर तो शेफारेल, त्याला वाटेल आपण घाबरलो. असं काही होत नसतं. त्याला एवढंच कळतं की मी 'नको' म्हटलं की हा माणूस थांबतो. आणि ज्याच्याशी 'नको' म्हणता येतं त्याच्याजवळ जायची भीती कमी होते. काही दिवसांत तीच रेघ आपोआप पुढं सरकते, तुम्ही न ढकलता.

मी हे उलटं केलं होतं. बिट्टू, माझा पहिला कॉकाटील, आला तेव्हा मला सांगितलं गेलं की रोज टॉवेलमध्ये धरून दहा मिनिटं कुरवाळा, चार दिवसांत माणसाळतो. मी केलं. पहिल्या दिवशी तो किंचाळला, चावला, दुसऱ्या दिवशी कमी, चौथ्या दिवशी हातात अगदी गप्प पडून राहिला आणि मला वाटलं जमलं. खरं तर त्यानं ओरडणं सोडून दिलं होतं कारण ओरडून काही होत नाही हे त्याला कळलं होतं. नंतर मी खोलीत आले तरी तो थरथरायचा, दांडीवरून खाली पडायचा, मी जाईपर्यंत दाण्याला तोंड लावायचा नाही. मी टॉवेल त्या खोलीतून कायमचा हलवला आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं, दाराशी खुर्ची टाकून. त्याला माझ्या बोटांतून एक बी घ्यायला पाच महिने लागले. ते चार दिवस केले नसते तर बहुतेक पाच आठवड्यांत झालं असतं. शिवाय पक्ष्याला छातीभोवती घट्ट धरणं धोक्याचं असतं, त्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती पुढंमागं हलली तरच श्वास घेता येतो. त्यामुळे धरून सवय लावणं, हातमोजे घालून पकडणं, जाळीनं धरून 'हातावर बसव' हे सगळं बाद. डॉक्टरकडे न्यायचं, औषध द्यायचं अशी खरीच वेळ आली तर धरावं लागतं, ते वेगळं.

तुम्ही पिंजऱ्याशेजारी उभे राहिलात तरी तो खातोय, इथवर आलं की खाऊ सुरू करा. आधी त्याला सगळ्यात जास्त काय आवडतं ते शोधा, वाटीत चार-पाच गोष्टी टाका आणि पहिल्यांदा काय उचलतो बघा, सलग दोन-तीन दिवस. बजी, कॉकाटील बहुतेक वेळा राळ्याच्या कणसावर जीव टाकतात, मोठ्या जाती सूर्यफुलाची बी, अक्रोडाचा बारीक तुकडा वगैरे. मग ती वस्तू वाटीतून बंद, ती फक्त तुमच्याकडून मिळणार. उपाशी ठेवायचं नाही हं, कोणी कितीही सांगू दे, रोजचं जेवण पूर्ण द्यायचं, फक्त लाडकी वस्तू बाजूला काढायची. तशीही सूर्यफुलाची बी भारी तेलकट, वाटीभर देऊन त्याचं यकृत खराब करण्यापेक्षा दिवसाला मोजक्याच, त्याही कामासाठी, हेच बरं. चॉकलेट, अव्हाकाडो, चहा-कॉफी, दारू ह्यातलं काहीही चुकूनसुद्धा नको, विषारी आहे.

पहिला आठवडा हातातून द्यायची घाई नको. पिंजऱ्याजवळून जाताना एक बी वाटीत टाकायची आणि चालू पडायचं. थांबायचं नाही, बघायचं नाही. दिवसातून आठ-दहा वेळा. तुम्ही आलात म्हणजे चांगलं काहीतरी पडतं आणि तुम्ही लगेच जाता, त्याच्या दृष्टीनं ह्याहून चांगला पाहुणा कोण. तो तुम्हाला बघून वाटीकडे यायला लागला की मग जाळीतून लांब कणीस किंवा चमच्यावर बी. बोट आणि चोच ह्यांच्यात अंतर राहील असं काहीतरी. कणीस पुढं करून हात पुतळ्यासारखा ठेवायचा, त्यानं यायचं, तुम्ही पुढं सरकायचं नाही. तीस सेकंद वाट बघा, नाही आला तर कणीस घेऊन निघा, ओढाताण नाही, परत दुपारी.

बिट्टूची ती पहिली बी मला अजून दिसते. संध्याकाळची वेळ, मी खाली बसलेले, हात जाळीला टेकवून, हात दुखायला लागला होता. तो दांडीवर एक पाऊल सरकला, थांबला. मान पुढं ताणली आणि पाय मागंच, म्हणजे अंग निम्मं यायला तयार आणि निम्मं पळायला तयार. तुरा ताठ. परत मागं गेला. चोच दांडीवर घासली दोनदा. मग परत आला, ह्या वेळी मान लांब करून बीचं टोक फक्त धरलं आणि ओढलं, मी बोटं सैल केली, आणि तो ती घेऊन पार टोकाला पळाला आणि तिथं जाऊन माझ्याकडे एका डोळ्यानं बघत बघत ती सोलली. मी "शाब्बास" पण म्हटलं नाही, नुसती बसून राहिले. दुसरी बी घ्यायला तो दोन मिनिटांत आला.

इथून पुढं काम वेगानं होतं, आणि सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे एक साधी काडी, जेवायच्या चॉपस्टिकसारखी, बारीक, न रंगवलेली. काडीचं टोक चोचीपासून थोडं लांब धरायचं, बहुतेक पोपट कुतूहलानं चोच लावतातच, लावली की त्याच क्षणी "यस" किंवा जिभेनं टक असा आवाज, आणि लगेच खाऊ. क्लिकर (दाबला की टक वाजणारी छोटी डबी) वापरलात तरी चालेल पण काही भित्रे पक्षी त्या खटक्यालाच दचकतात, मला तोंडाचा आवाजच बरा वाटतो. आठ-दहा वेळात त्याला कळतं की काडीला चोच लावली की बी मिळते. मग काडी जरा उजवीकडे, तो एक पाऊल टाकतो, टक, बी. मग दोन पावलं. आता बघा काय झालं, तो स्वतःच्या पायानं तुमच्याकडे यायला लागला, कोणी न ढकलता न ओढता, त्याला नको वाटलं तर तो येणार नाही आणि त्यानं काही बिघडणारही नाही. घाबरलेल्या पक्ष्याला ह्या एका गोष्टीनं जेवढा धीर येतो तेवढा मी दुसऱ्या कशानं आलेला पाहिला नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको, दिवसातून दोन-तीनदा, आणि तो अजून उत्साहात असतानाच थांबायचं. काडीचीच भीती वाटत असेल तर ती दोन दिवस खोलीत लांब ठेवा, मग रोज थोडी जवळ, मग पिंजऱ्याशेजारी. कुठलीही नवी वस्तू, खेळणं असो की वाटी, अशीच आणायची. आफ्रिकन ग्रेसारख्या जातींना तर नव्या वस्तूचं फारच वावडं.

हातावर घ्यायची पायरी. हाताचीच भीती असेल तर आधी एक सुटी दांडी वापरा, काडीनं त्याला त्या दांडीवर बोलवा, मग हळूहळू दांडीवरचा तुमचा हात रोज जरा पुढं, त्याच्या पायांच्या जवळ, एक दिवस एक पाऊल दांडीवर आणि एक बोटावर पडतं. हात नेहमी समोरून, खालून, पोटाच्या पातळीला आणायचा, आणि स्थिर ठेवायचा. पोटात बोट खुपसून 'चढ, चढ' करायचं नाही. चढायच्या आधी तो चोच पुढं करेल, आणि इथं नवीन माणूस हमखास हात मागं घेतो. चोच म्हणजे त्याचा तिसरा पाय आहे, फांदी आपलं वजन पेलेल का हे तो चोचीनं चाचपतो. हात मागं घेतलात की त्याला कळतं ही फांदी भरवशाची नाही, आणि पुढच्या वेळी तो जास्त जोरात धरतो. घाबरायचं नाही, हात तसाच ठेवा. तुम्हालाच भीती वाटत असेल तर अजून आठवडाभर दांडीच वापरा, थरथरत्या हातापेक्षा ते चांगलं.

चावलाच तर? ओरडू नका, तोंडावर फुंकर मारू नका, चोचीवर टिचकी तर कधीच मारू नका, हात झटकू नका. शांतपणे त्याला जवळच्या दांडीवर उतरवा आणि बाजूला व्हा. रक्त आलं तर धुवा. मग आठवा की चावायच्या आधीच्या दोन सेकंदांत काय झालं होतं, तो बारीक झाला होता का, मागं झुकला होता का, कोणी दारातून आलं का, तुमच्या हातात नवीन काही होतं का. मी वहीत लिहून ठेवायचे, तारीख, वेळ आणि एक ओळ, त्यातून मला कळलं की बिट्टू संध्याकाळी सात नंतर चावतो, म्हणजे त्याला झोप येते आणि मी काडी घेऊन बसते. चूक माझी होती, वेळ बदलली आणि चावणं थांबलं.

पंख कापावे का हे सगळेच विचारतात. भित्र्या पक्ष्याचे तर नकोच असं माझं स्पष्ट मत आहे. पळता येत नाही म्हटल्यावर त्याच्याकडे चावण्याशिवाय काही उरत नाही, आणि कापलेल्या पंखांनी घाबरून झेप घेतली की दगडासारखा खाली येतो, छातीचं हाड फुटलेले पक्षी मी पाहिलेत. त्यापेक्षा खोली सुरक्षित करा, खिडक्या-दारं बंद, छताचा पंखा बंद, आरसे आणि मोठ्या काचा झाकलेल्या, पाण्याची उघडी भांडी नाहीत. पहिल्यांदा बाहेर काढताना दार उघडून ठेवायचं आणि तो येईल तेव्हा येईल, कधी एक तास दारातच बसून राहतो. परत न्यायची घाई होणार नाही अशा दिवशीच हे करा, रात्रीच्या जेवणाआधी, म्हणजे पिंजऱ्यात त्याची वाटी भरून ठेवली की तो आपणहून जातो. पडद्यावर जाऊन बसला तर मागं धावू नका, काडी आणि बी दाखवून बोलवा. मागं धावून पकडलंत तर महिन्याची कमाई एका संध्याकाळी जाते.

कुरवाळायची सगळ्यांना घाई असते पण ते शेवटी येतं. तो स्वतः डोकं खाली घालून मानेची पिसं फुलवून जाळीला टेकेल तेव्हा, आणि तेही एका बोटानं, दोन-तीन सेकंद, मग बोट बाजूला. परत डोकं पुढं केलं तर परत. फक्त डोकं आणि मान. पाठीवरून, शेपटीपर्यंत किंवा पंखाखाली हात फिरवला की पक्ष्याला तो जोडीदाराचा स्पर्श वाटतो, त्यातून पुढं किंचाळणं, चिडणं, भलत्या वेळी अंडी घालणं असे प्रश्न येतात. पिसं गळून नवी येत असतील तेव्हा डोक्यावर काट्यांसारखी कोवळी पिसं असतात, ती दुखतात, त्या आठवड्यात तो कुरकुरला तर मनावर घेऊ नका.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना 'रेघेचा खेळ' शिकवा, तो बारीक झाला की थांबायचं, मुलांना हे मोठ्यांपेक्षा चांगलं दिसतं. कुत्रा-मांजर त्या खोलीत नको, पिंजरा बंद असला तरी नुसतं टक लावून बसलेलं मांजर त्याला पुरतं. आणि एकटा घाबरतो म्हणून लगेच दुसरा पक्षी आणू नका, आणलाच तर निदान महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा, आजाराची शंका फिटेपर्यंत.

किती दिवस लागतील ह्याचं उत्तर पक्ष्यागणिक वेगळं. हातावर वाढलेलं पिल्लू आठवड्यात बोटावर येतं, मोठ्या, दोन घरं बदललेल्या पोपटाला वर्षसुद्धा लागतं, आणि त्यातले काही कधीच कुरवाळून घेत नाहीत, पण खांद्यावर बसतात, शीळ घालतात, तुमच्या ताटाकडे बघत बसतात. मध्येच एकदम मागं जाणं पण होतं, डॉक्टरकडची फेरी, पिसं गळणं, पाहुणे, फर्निचर हलवणं, काहीही पुरतं. अशा वेळी जिथं तो सैल दिसतो त्या अंतरावर परत जायचं आणि तिथून चालू करायचं, दुसऱ्या वेळी तेच अंतर पहिल्यापेक्षा खूप लवकर कापलं जातं.

बिट्टूला आता सहा वर्षं झाली आमच्याकडे. खांद्यावर झोपतो. पण मी आंघोळ करून केसांना टॉवेल गुंडाळून खोलीत आले तर त्याचा तुरा अजूनही ताठ उभा राहतो. मग मी दारातच थांबते, टॉवेल काढून बाहेर टाकते, आमची शीळ घालते, आणि तुरा खाली आला की आत जाते.